प्रस्थान बाळकुमला, विमान मॉरिशसला

मॉरिशस म्हटलं की आमच्या डोंबिवलीत लोकांना एकदम हनिमून आठवतो. पूर्वेला स्टेशनजवळ माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, गाळाच तो. दोन खुर्च्या गिऱ्हाइकाला आणि एक मला. तिथे बसून मी इतक्या नव्या जोडप्यांना त्या बेटावर पाठवलंय की तिथल्या हॉटेलांत नाश्त्याला काय असतं, वादळं कोणत्या महिन्यात येतात, सगळं मला तोंडपाठ आहे. फक्त मी स्वतः तिथे गेलेलो नव्हतो. खरं सांगायचं तर मी कुठेच गेलेलो नव्हतो. मला विमानाची भीती वाटते. तिकिटं विकणाऱ्याने हे चारचौघांत सांगायचं नसतं, म्हणून मी 'दुकान सोडून जाता येत नाही हो' असं सांगत आलो आणि लोकांनीही ते खरं मानलं.

धाकटी बहीण मात्र तिथेच राहते. एका हॉटेलात हिशेबाचं काम बघते. लग्न झालं होतं, मोडलं, आणि ते मोडल्यावर ती परत येईल अशी आम्ही वाट बघत असताना तिने तिकडे स्वतःचं भाड्याचं घर घेतलं. इकडे घरात आई आणि मी, दोघंच. माझं लग्न राहूनच गेलं.

एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "दादा, रडायचं नाही आणि ओरडायचं नाही. तू दोन्ही करशील म्हणून आधीच सांगते." मग सांगितलं. छातीत गाठ होती, तपासली, वाईट निघाली. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन. ऑफिसातल्या बायका चांगल्या आहेत, सोबत येतो म्हणाल्यात, पण तिला घरचं माणूस हवं होतं. "आईला पाठव. मी आत जायच्या आधी ती इथे हवी. बाकी काही नको."

मी रडलो नाही आणि ओरडलोही नाही. लॅपटॉप उघडला.

माझं हे असंच आहे. घर पेटलं तरी मी आधी पाण्याच्या टँकरचे दर विचारीन. त्या रविवारी मी जेवलो नाही, अंघोळ केली नाही, नुसता स्क्रीनसमोर बसून मुंबईहून मॉरिशसला जायचे रस्ते उलटसुलट करत राहिलो. थेट विमान रोज नसतं. त्या आठवड्यात एक बुधवारी दुपारी होतं, त्यानंतरचं शनिवारी. शनिवार उपयोगाचा नाही. दुबईवरून जाता येत होतं, पण मध्ये अख्खा दिवस विमानतळावर काढायचा, आणि आई तर कल्याणच्या स्टेशनावरही पूल चढून भलत्याच फलाटावर उतरते. नैरोबीवरून स्वस्त होतं. पण त्या बाजूने आलं की परतताना आपल्याकडे पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड मागू शकतात, आणि ती लस म्हाताऱ्या माणसांना द्यायला डॉक्टर सहसा तयार नसतात. म्हणजे बुधवार. दुसरा रस्ताच नव्हता. सीट होती, मी ती उचलली, व्हीलचेअर टाकली. आईला चालता येतं चांगलं, पण इंग्रजी न येणाऱ्या म्हाताऱ्या आयांना आम्ही एजंट लोक व्हीलचेअर टाकूनच पाठवतो. खुर्ची ढकलणारा माणूस त्यांना काउंटरपासून थेट विमानाच्या दारापर्यंत पोचवतो, चुकायचा प्रश्नच येत नाही. परतीचं तिकीटही काढावं लागलं, कारण त्याशिवाय तिकडे उतरू देत नाहीत. त्याची तारीख टाकताना माझा हात थबकला. कधी परत येईल आई? काय झाल्यावर परत येईल? डोळे मिटून महिन्यानंतरची एक तारीख टाकली.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती खुर्चीत बसली, पदर तोंडाला लावला. मग उठून तिने भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं.

"बुधवारी अमावास्या आहे."

"असू दे."

"अमावास्येला मी लेकीकडे जायला निघणार नाही."

मी ओरडलो. सकाळपासून साठलेलं सगळं बाहेर आलं. विमान कंपनीला तुझी अमावास्या कळत नाही, डॉक्टरला कळत नाही, त्या गाठीला तर अजिबात कळत नाही, असं बरंच काहीबाही बोललो. आईने बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाली, "तुझ्या बाबांना मुंबईच्या दवाखान्यात नेलं तो दिवस अमावास्येचा होता. तेव्हाही तू असाच ओरडला होतास, असू दे, असू दे. आणि मी निघाले." बाबा त्या दवाखान्यातून परत आले नव्हते.

सोमवारी मी दुकान उघडलं आणि बंद केलं, उघडलं आणि बंद केलं. बहिणीचा मेसेज आला, 'आई येतेय ना?' मी लिहिलं, 'येतेय.' घरी येऊन बघतो तर आईने स्वतःच तोड काढून ठेवलेली.

"प्रस्थान ठेवू या."

प्रस्थान म्हणजे काय ते आताच्या मुलांना सांगावं लागतं. निघायचा दिवस वाईट असला तर आदल्या एखाद्या चांगल्या दिवशी, चांगल्या वेळेला, आपल्याबरोबर नेण्यातली एखादी वस्तू कापडात बांधायची, सोबत मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, आणि ते बोचकं वाटेवरच्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या चांगल्या वेळेला सुरू झाला. मग खुशाल अमावास्येला निघा, वाटेत बोचकं उचला आणि पुढे चला. नशिबाला चकवायची सोय आहे ही, आणि आमच्या धंद्यात बसेल अशीच आहे. मी तर खूश झालो. आईचा भाऊ ठाण्याला बाळकुमला राहतो. विमानतळाच्या वाटेवरच. मंगळवारी सकाळी चांगली वेळ होती. आईने देवासमोर बसून बोचकं बांधलं, मी दुकानाच्या गडबडीत होतो, तिने ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर जाऊन ते मामाकडे ठेवलं आणि जेवायच्या वेळेपर्यंत परतही आली. तिचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा सैल झालेला दिसला.

बुधवारी वेळ हाताशी ठेवून टॅक्सीने निघालो. तरीही माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शीळफाट्याला गाड्या जिथल्या तिथे थांबल्या आणि मी खिडकीतून मान बाहेर काढून पुढे काय झालंय ते बघू लागलो, जणू माझ्या बघण्याने ट्रक बाजूला होणार होते. टॅक्सीवाला म्हणाला, "साहेब, आत बसा, मान जाईल." आई मागे जप करत होती. मी विचारलं, पासपोर्ट घेतलास ना? "तुझं आपलं एकच. आहे नीट," ती म्हणाली. गिऱ्हाइकांना मी कधी असं सोडत नाही, पासपोर्ट टेबलावर ठेवा आणि दाखवा म्हणतो. पण आईला कोण काढ म्हणणार, तेही जप चालू असताना?

बाळकुमला मामाच्या बिल्डिंगखाली टॅक्सी थांबवली. दोन मिनिटांचं काम होतं. वर गेलो तर मामी दारातच उभी. आत घेईना.

"वन्सं, आत नका येऊ. सुतक आलंय."

काल संध्याकाळी गावाहून फोन आला होता. भावकीतले कुणी म्हातारे गेले. मामाच्या घराला सुतक. आईला लग्न होऊन गेल्यामुळे नाही.

"बरं, बाहेरूनच दे बोचकं," मी म्हणालो.

"ते इथे नाही. सुतकाच्या घरात प्रस्थान कसं ठेवणार? मी रात्रीच शेजारी नेऊन दिलं. चांगली माणसं आहेत, देवघरात ठेवतो म्हणाली." मामीच्या चेहऱ्यावर काम नीट पार पाडल्याचं समाधान होतं. मी शेजारची बेल वाजवली. पुन्हा वाजवली. मामा आतून म्हणाला, "अरे, ते दोघं सकाळीच खडवलीला गेलेत, तिच्या माहेरी. संध्याकाळी येतील."

मी म्हटलं, जाऊ दे. एक साडी आणि मूठभर तांदूळ, त्यासाठी कुणी थांबत नाही. "आई, चल. प्रस्थान ठेवलं होतं हे देवाला ठाऊक आहे. उचललं नाही तरी चालेल." वळून बघतो तर आई जिन्याच्या पायरीवर बसलेली. तिचा हात छातीशी होता.

"पासपोर्ट त्यात आहे."

"काय?"

"बरोबर नेण्यातली वस्तू ठेवायची असते ना. म्हटलं साडी काय, कुठलीही चालते. परदेशी जायचं तर जे नसलं की अडतं तेच ठेवावं. म्हणून..."

पुढचा अर्धा तास मी कसा वागलो ते बिल्डिंगमधले लोक अजून सांगत असतील. शेजाऱ्यांना फोन लावले, लागेनात. खडवलीला नदीकाठी रेंज कुठे असते कुणास ठाऊक. मी दार तोडायचं म्हटलं. मामा म्हणाला, दुसऱ्याचं दार असं तोडता येत नाही. मी मामाला नको ते बोललो. मामीला म्हटलं, तुमच्या सुतकाचं लोणचं घाला. खडवलीला जाऊन किल्ली आणायची म्हणजे सगळा उलटा रस्ता, जाऊन यायच्या आत विमान निघून गेलं असतं. मी हिशेब करत होतो, पुन्हा करत होतो, आणि दर वेळी उत्तर तेच येत होतं. आई पोचत नाही. शुक्रवारी बहीण आत जाईल तेव्हा बाहेर कुणी नसेल.

"आता?" मी आईला विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या सहज बोलली की मला आधी कळलंच नाही. "मग तू जा ना."

"मी कसा जाणार?"

"तुझा पासपोर्ट नाही का?"

होता. दुकानाच्या बॅगेत, खांद्यावरच. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्या गिऱ्हाइकांना नाव कुठे येतं, सही कुठे येते ते दाखवायला मी तो जवळ ठेवतो. आत एकही शिक्का नव्हता.

"दुकान..." मी म्हणालो. "तिने तुला बोलावलंय. मला तिथलं काय कळणार? बायकांचं दुखणं आहे ते."

"तिला दारात माणूस हवंय," आई म्हणाली. "दुखणं डॉक्टर बघेल." मग आवाज खाली आणून, मामा-मामीला ऐकू जाऊ नये असा, "भीती वाटते ना? मला ठाऊक आहे. जा तरी."

रविवारपासून मी त्या बेटाकडे जाणारे एकूणएक रस्ते तपासले होते. मी स्वतः जाईन हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. मी इतका चिडलो होतो, त्या सगळ्या चिडण्याखाली काय होतं ते तेव्हा मला कळलं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

ज्या मोठ्या एजंटकडून आम्ही छोटे एजंट तिकिटं उचलतो त्याला टॅक्सीतून फोन केला. त्या विमानाची तिकीटविक्री बंद व्हायला थोडाच अवधी होता. आईचं तिकीट माझ्या नावावर होत नाही, हे मी लोकांना रोज सांगतो, म्हणून ते शनिवारवर ढकललं आणि माझं नवीन काढलं. तिकडचा प्रवेशाचा अर्ज वाटेतल्या एका सिग्नलला मोबाइलवर भरला. आईची बॅग माझ्याबरोबर आली, कारण डिकीतून काढायचं कुणालाच सुचलं नाही. म्हणजे मी आयुष्यात पहिल्यांदा परदेशी निघालो तो अंगावरच्या शर्टावर आणि सोबत सहा साड्या, मेतकूट आणि गुडघ्याचं तेल घेऊन. बहिणीला काही कळवायचं नाही असं आईने बजावलं. आई येत नाही हे ऐकून तिचा धीर सुटेल, पोचल्यावर सांग.

विमानात शेजारी नवं जोडपं होतं. धावपट्टीवरून विमान उठलं तेव्हा मी डोळे मिटून नवऱ्याचा हात घट्ट धरला. बायकोला धरायला हातच उरला नाही. तो बिचारा भला होता, वर गेल्यावर म्हणाला, "काका, आता सोडलात तरी चालेल." पुढचा सगळा वेळ मी सीटच्या कडेवर बसून होतो. इंजिनाचा आवाज बदलला की घाम, बेल वाजली की घाम. खाली नुसतं पाणी. मी बेटं विकत आलो होतो, पण बेट म्हणजे सगळीकडून पाणी, हे मला खिडकीतून बघितल्यावर कळलं. तिथे ती इतकी वर्षं एकटी राहत होती.

उतरल्यावर काउंटरवरच्या माणसाने विचारलं, कशासाठी आलात? गिऱ्हाइकांना मी शिकवतो, खरं बोला आणि थोडक्यात बोला. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत बहीण, गाठ, आई, अमावास्या, सगळं सांगायला सुरुवात केली. त्याने मध्येच हात वर केला, शिक्का मारला आणि म्हणाला, जा, बहिणीकडे जा.

ती बाहेर उभी होती. मी तिला आधी बघितलं. बारीक झाली होती, केस कापले होते. ती टाचा उंचावून लोकांच्या कमरेच्या उंचीवर नजर फिरवत होती. व्हीलचेअर शोधत होती. मी तिच्या अगदी समोर जाऊन उभा राहिलो तरी तिने मला ओलांडून मागे बघितलं. मग मला बघितलं. मग माझ्या हातातली आईची बॅग बघितली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आई?"

"बरी आहे, बरी आहे. बाळकुमला आहे. पासपोर्ट प्रस्थानात बांधला तिने, मामाकडे सुतक आलं, शेजारी खडवलीला गेले."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली की लोक वळून बघू लागले, आणि हसता हसताच तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि ते हसणं रडणं झालं. मी तिच्या पाठीवर थोपटत राहिलो. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

गाडी तीच चालवत होती. बाहेर उसाची शेतं, आपल्याकडच्यासारखीच. मला शांत बसवेना. मी सुरू झालो. शनिवारच्या विमानात आईची सीट आहे, शेजारी एव्हाना परत आले असतील, पासपोर्ट मिळेल, ते नाहीच आले तर दुबईवरून रविवारी आहे, आणि डॉक्टरांनी पुढे काही वेगळं सांगितलं तर तुला मुंबईला हलवता येईल, त्यासाठी मी बघून ठेवलंय...

"दादा," ती म्हणाली. "पुरे ना."

मी खिडकीकडे वळलो.

"मी आईलाच का बोलावलं, ठाऊक आहे? तुला सांगितलं असतं तर तू मला चार फ्लाइट पाठवल्या असत्यास. लग्न मोडलं तेव्हाही पाठवल्या होत्यास. सगळ्या बरोबर होत्या, वेळा, दर, सगळं. मी रात्रभर त्या बघत बसले होते. मला वाटलेलं तू येशील."

ती रागाने बोलत नव्हती. आरशात बघून तिने लेन बदलली.

ताणून धरलेल्या गोष्टी मला सहन होत नाहीत, म्हणून सांगून टाकतो, ती आज बरी आहे. उपचार लांबले, केस गेले, परत आले. आई शनिवारच्या विमानाने आली, व्हीलचेअरवर बसून, राणीसारखी. पण ते सगळं नंतरचं. शुक्रवारी सकाळी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी तिला हिरवा झगा घातला, कानातलं काढायला लावलं. ते तिने माझ्या मुठीत दिलं. खाट दारापाशी आली तेव्हा नर्स थांबली, म्हणाली, बोलून घ्या. बहिणीने मान वळवली. तिचे ओठ कोरडे पडले होते, भीतीने डोळे मोठे झाले होते, आणि मला एकदम ती शाळेच्या फाटकातून आत न जाणारी मुलगी दिसली.

"मी बाहेर येईन तेव्हा तू असशील ना?"

माझ्या गाळ्यात कुणीही काहीही विचारलं तरी मी 'बघतो, सांगतो' म्हणतो. तीस वर्षांची सवय आहे.

"असेन," मी म्हणालो.

दार बंद झालं. माझा फोन खिशात होता, मी तो काढला नाही.